नजर आधी कुणी झुकवायची?

परवा मोहल्ल्याच्या एका ग्रुपवर व्हिडिओ आला. पाऊण मिनिटाचा असेल. बुरख्यातली एक मुलगी, मोटरसायकलवर एक मुलगा, आणि त्यांना घेरून उभे असलेले पाच-सहा तरुण. ‘नाम क्या है तेरा?’, ‘ये कौन है?’, ‘नकाब हटा, घर पे फोन लगा.’ मुलगी दोन्ही हातांनी चेहरा झाकतेय आणि मोबाईलवाला फिरून फिरून तिच्यासमोर येतोय. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘माशाअल्लाह, कौम के जागरूक नौजवान.’

आधी माझी कबुली देतो. मी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मग परत लावला. मुलगी कोण, मुलगा कोण, गल्ली कुठली, काही ओळखू येतं का, हे बघत होतो. दुसऱ्यांदा बघताना स्वतःचीच लाज वाटली. ती पोरं दीन वाचवायच्या गोष्टी करत होती, आणि दीननं डोळ्यांबद्दल जे सांगितलंय तेच तिथं सगळ्यात जास्त मोडलं जात होतं. पोरांनी मोडलं, ग्रुपवर बघणाऱ्यांनी मोडलं, मीही मोडलं.

म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, इतिहासाची आहे, सवडीनं वाचा.

माझ्या दादांचं, म्हणजे आजोबांचं, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मुलींच्या शाळेच्या रस्त्यावर. शाळा सुटायची घंटा झाली की दादा हातातलं चाक घेऊन स्टूल फिरवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पंक्चर काढत बसायचे. रस्ता मोकळा झाला की स्टूल पुन्हा सरळ. लहानपणी मला वाटायचं, त्यांना ऊन लागत असेल. एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘बच्चियाँ जा रईं ना बाबा, उनकू चैन से जाने दो.’ पोरींनी कसं चालावं, काय घालावं, कुणाशी बोलावं, यावर त्या माणसाच्या तोंडून मी कधी एक शब्द ऐकला नाही. दादांना कुराण वाचता यायचं, अरबी समजत नव्हती. पण जे करायचं ते त्यांना बरोबर समजलं होतं.

दादा जे करायचे त्याला धर्माच्या भाषेत ‘गज्ज-ए-बसर’ म्हणतात. बसर म्हणजे दृष्टी. ‘गज्ज’चा अर्थ आपण ‘डोळे मिटणं’ असा धरतो, पण शब्द तसा नाही. कमी करणं, आवरणं, खाली आणणं असा तो आहे. कुराणात हाच शब्द आवाजासाठीही आलाय. लुकमान आपल्या मुलाला चार गोष्टी शिकवतो, त्यात आवाज खाली ठेव असं सांगतो, तिथं हीच क्रिया आहे. आवाज खाली ठेवणं म्हणजे मुकं होणं नव्हे. तसंच नजर आवरणं म्हणजे आंधळं होणं नव्हे. शिवाय त्या आयतीत ‘मिन्’ हा छोटा शब्द आहे, त्याचा एक अर्थ ‘त्यातली काही’ असा होतो. त्यावरून बऱ्याच भाष्यकारांनी म्हटलंय की सगळं बघणं बंद करा असा हा हुकूम नाही. वैद्यानं रुग्णाला बघणं, साक्षीदारानं बघणं, सौद्यात समोरच्याला बघणं, लग्न ठरवताना मुला-मुलीनं एकमेकांना बघणं, या सगळ्याला शास्त्रकारांनी जागा ठेवली. आवरायची ती नजर, जिला तिथं काही काम नाही.

आता ही आयत कुठं येते ते बघू. माझा सगळा मुद्दा तिच्या जागेत आहे.

ती आहे सूरह नूरमध्ये. कुराणातली २४ वी सूरह, ६४ आयतींची, मदिनेच्या काळातली. मोहल्ल्यातल्या भाषणांत आपण हिच्यातला एखादा तुकडा ऐकतो. सबंध सूरह सलग वाचली की वेगळंच चित्र दिसतं. सुरुवातीचा मोठा भाग एका अफवेबद्दल आहे. एका बाईला एका पुरुषाबरोबर लोकांनी पाहिलं, आणि जीभ चालवली.

ती बाई म्हणजे हजरत आयशा, पैगंबरांच्या पत्नी. सुन्नी परंपरेत हा प्रसंग असा सांगितलाय. बनू मुस्तलिक टोळीवरच्या मोहिमेवरून काफिला परत येत होता, हिजरी ५ किंवा ६ चा सुमार. वाटेत मुक्काम पडला. आयशांचा मण्यांचा हार हरवला, तो शोधायला त्या मागं गेल्या. इकडे त्यांचा हौदा, म्हणजे उंटावरची पडद्याची अंबारी, लोकांनी उचलून उंटावर चढवला. त्या वजनानं इतक्या हलक्या होत्या की आत कुणी नाही हे कळलंच नाही. काफिला निघून गेला. त्या परत आल्या तर माळ रिकामा. शोधायला कुणीतरी येईल म्हणून त्या तिथंच बसून राहिल्या. मागून सफवान बिन मुअत्तल नावाचा सहकारी आला, त्यानं ओळखलं, उंट बसवला, त्यांना वर बसवलं आणि स्वतः पायी चालत उंट ओढत आणला. दोघं काफिल्याला गाठेपर्यंत दुपार झाली होती.

बस, एवढंच घडलं होतं. एक बाई उंटावर, एक पुरुष पायी. बघणाऱ्यांनी बघितलं आणि बाकीचं मनानं रचलं. अब्दुल्ला बिन उबय या मदिनेतल्या पुढाऱ्यानं ते पसरवलं. चांगले चांगले लोकही वाहवत गेले. आयशा आजारी होत्या, त्यांना कितीतरी दिवस पत्ताच नव्हता. कळलं तेव्हा त्या माहेरी गेल्या आणि रडत राहिल्या. जवळजवळ महिनाभर हे चाललं. मग त्यांच्या निर्दोषपणाच्या आयती आल्या.

त्या आयतींचा रोख कुणाकडे आहे? आयशांना ‘तू मागं का राहिलीस, एकटी का गेलीस’ असं एका शब्दानं विचारलेलं नाही. सगळा जाब बोलणाऱ्यांना आहे. ऐकलं तेव्हाच तुम्ही हे खोटं म्हणून का टाकलं नाही? तोंडातोंडी पसरवलंत आणि ती क्षुल्लक गोष्ट समजलात. चार साक्षीदार कुठं आहेत? कारण याच सूरहच्या सुरुवातीला नियम सांगून ठेवलाय. पाकदामन बाईवर आरोप करायचा आणि चार साक्षीदार आणायचे नाहीत, तर आरोप करणाऱ्याला ८० फटके, आणि त्याची साक्ष पुन्हा कधी धरायची नाही.

त्यानंतर विषय येतो घराचा. दुसऱ्याच्या घरात परवानगी मागितल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय शिरू नका. घरचे म्हणाले परत जा, तर परत जा.

आणि त्याच्या लगेच पुढं आयत ३०: मोमिन पुरुषांना सांगा, नजर आवरा. मग आयत ३१: मोमिन स्त्रियांनाही नजर आवरायला सांगा, आणि तिथून पुढं त्यांच्या पेहरावाचा भाग.

हा क्रम लक्षात घ्या. आधी अफवा. मग साक्षीपुरावा. मग दुसऱ्याचं दार. मग पुरुषाचे डोळे. मग बाईचे डोळे. आणि त्यानंतर बाईची ओढणी. आमच्याकडची भाषणं मात्र ओढणीपासून सुरू होतात आणि बहुतेक वेळा तिथंच संपतात. वरच्या पायऱ्या कुणी चढतच नाही.

काही जण म्हणतील, ‘भाई, तुम्ही पर्द्याचा भाग गाळताय.’ गाळत नाही. तो आयतीत आहे, आणि त्याचा अर्थ किती, चेहरा त्यात येतो की नाही, यावर शास्त्रकारांत शेकडो वर्षं मतभेद आहेत. तो वेगळा विषय आहे. माझं म्हणणं इतकंच, की पुरुषाची आयत बाईच्या आयतीवर अवलंबून ठेवलेली नाही. समोरची कशीही असो, तुझे डोळे ही तुझी जबाबदारी.

पैगंबरांच्या वागण्यातूनही हेच दिसतं. हदीसच्या मान्य संग्रहांतले तीन प्रसंग माझ्या शब्दांत सांगतो.

पहिला, कट्ट्याचा. हो, कट्टा तेव्हाही होता. पैगंबरांनी सांगितलं, रस्त्याच्या कडेला बसू नका. साथीदार म्हणाले, आमचं तर तिथंच बसणं-बोलणं होतं, दुसरी जागा नाही. मग म्हणाले, बसायचंच असेल तर रस्त्याचा हक्क अदा करा. तो कोणता? नजर आवरणं, कुणाला त्रास न देणं, सलामाचा जवाब देणं, चांगलं सांगणं आणि वाइटापासून रोखणं. वाइटापासून रोखणं शेवटी आलंय. नजर सगळ्यात आधी. आणि त्रास न देणं दुसरं. आमची पोरं शेवटच्यापासून सुरू करतात, आणि पहिले दोन हक्क पायाखाली तुडवून.

दुसरा प्रसंग शेवटच्या हजचा, इसवी सन ६३२. पैगंबरांच्या मागं, त्यांच्याच उंटावर, त्यांचा तरुण चुलतभाऊ फजल बिन अब्बास बसला होता. खसअम टोळीची एक बाई प्रश्न विचारायला आली. वडील म्हाताऱ्यावर हज फर्ज झाला आहे, पण त्यांना उंटावर नीट बसवत नाही, त्यांच्या वतीनं मी हज करू का? फजल तिच्याकडे बघत राहिला, तीही त्याच्याकडे बघू लागली. पैगंबरांनी हातानं फजलचं तोंड दुसरीकडे वळवलं. आणि बाईला उत्तर दिलं, हो, कर. तिला ‘आधी नीट झाकून ये, मग विचार’ असं म्हटलं नाही. तिचं काम अडलं नाही. वळलं ते फजलचं तोंड.

तिसरा प्रसंग घराच्या भोकाचा. पैगंबर घरात लोखंडी फणीनं डोकं खाजवत होते आणि एक माणूस भोकातून आत डोकावत होता. कळल्यावर ते भयंकर रागावले. आधी कळलं असतं तर हीच फणी डोळ्यात खुपसली असती, या अर्थाचं बोलले. आणि म्हणाले, परवानगी मागायचा नियम आलाय तो नजरेमुळेच. बघा, आत बाई होती की पुरुष, काही चुकीचं चाललं होतं की नाही, हा सवालच नाही. दुसऱ्याच्या खासगीत डोळा घालणं हाच गुन्हा.

पुढच्या इतिहासात राज्यकर्त्यांनाही हे लागू झालं. इमाम गझालींनी हजरत उमर यांच्याबद्दलची एक रिवायत नोंदवलीय. खलिफा असताना उमर एका घराची भिंत चढून आत उतरले. आत माणूस गैर अवस्थेत सापडला. उमर खडसावू लागले तर तो म्हणाला, माझ्याकडून एक गुनाह झाला, तुमच्याकडून तीन. अल्लाह म्हणतो टेहळणी करू नका, तुम्ही केलीत. म्हणतो घरात दारातून या, तुम्ही भिंतीवरून आलात. म्हणतो सलाम करून शिरा, तुम्ही केला नाहीत. उमर यांनी त्याला तौबा करायला सांगून सोडून दिलं. खलिफाला पकडलेल्या माणसानं कुराण ऐकवलं आणि खलिफानं ते ऐकलं. आमच्या पोरांना त्या मुलीनं आयत ऐकवली असती तर काय झालं असतं?

अकराव्या शतकात बगदादचे मोठे काझी अल-मावर्दी (मृत्यू १०५८) यांनी राज्यकारभारावर ग्रंथ लिहिला, ‘अल-अहकाम अस-सुलतानिया’. त्यात मुहतसिब नावाच्या अधिकाऱ्याचं एक प्रकरण आहे. बाजारातली वजनं-मापं तपासणं आणि उघड गैरवर्तन रोखणं ही त्याची कामं. म्हणजे हा नेमलेला, अधिकार असलेला माणूस. त्यालासुद्धा मावर्दी बजावतात की लपलेलं उकरून काढायला जाऊ नकोस. आणि आपल्या व्हिडिओला अगदी लागू पडणारं एक उदाहरण देतात. रहदारीच्या रस्त्यात एखादा पुरुष बाईशी बोलत उभा दिसला आणि संशयाची काही खूण नसली, तर मुहतसिबानं त्यांना हटकू नये. कारण लोकांना अशा कामाशिवाय गत्यंतर नसतं. निर्जन रस्ता असेल तर विचारावं, पण तिथंही शिक्षेची घाई नको, ती त्याच्या नात्यातली असू शकते.

हजार वर्षांपूर्वीच्या सरकारी अधिकाऱ्याला जे करायची मुभा नव्हती, ते आज कुणीही मोबाईलवाला करतो. त्याला नेमलं कुणी?

आता गझालींकडे येतो, कारण नजरेला साधनेचं रूप कसं आलं ते त्यांच्याकडे स्पष्ट दिसतं. गझाली (१०५८–११११) बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत होते, त्या काळातली फार मानाची जागा. १०९५ मध्ये ती सोडून ते फकिरासारखे बाहेर पडले. त्यांच्या ‘इह्या उलूमुद्दीन’ या ४० भागांच्या ग्रंथात रोजाचं प्रकरण आहे. रोजाच्या ते तीन पायऱ्या सांगतात. पोटाचा रोजा सगळेच करतात. दुसरा रोजा अवयवांचा, आणि त्यात पहिला नंबर डोळ्यांचा. जे बघणं वाईट ते तर सोडायचंच, पण जे बघून मन अल्लाहच्या आठवणीतून उडतं तेही सोडायचं. तिसरा रोजा मनाचा. म्हणजे इथं नजर आवरणं हे फक्त बाईपुरतं राहिलं नाही. दुसऱ्याचा पैसा, दुसऱ्याचा दोष, बघण्यासारखा तमाशा, सगळंच त्यात आलं.

दमास्कसचे इब्न कय्यिम (१२९२–१३५०) यांनी माणसाला बिघडवणारी चार दारं सांगितलीत. नजर, मनातला विचार, जीभ आणि पाऊल. ज्यानं ही चार राखली त्यानं दीन राखला. मोबाईल हातात धरून बघा. व्हिडिओ पाहिला, मनात काहीतरी रचलं, खाली कमेंट टाकली, पुढं पाठवला. चारही दारं अर्ध्या मिनिटात उघडी.

आणि एक धागा आपल्या शहराशी जोडलेला आहे. औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की आपण पाहुण्यांना दाखवतो. डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेलं पाणी, हौद, धान्य दळणारं जातं. फोटो काढतो आणि निघतो. ती चक्की ज्यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे ते बाबा शाह मुसाफिर नक्शबंदी सिलसिल्याचे होते. औरंगजेबाच्या काळात ते दख्खनेत आले. मूळ गाव बुखाऱ्याजवळचं गिज्दुवान. त्याच गिज्दुवानचे ख्वाजा अब्दुल खालिक, या सिलसिल्याचे पूर्वज. साधकानं पाळायचे आठ नियम त्यांच्या नावावर आहेत. त्यातला एक फारसी शब्दांत ‘नजर बर कदम’. चालताना नजर आपल्या पावलावर. इकडं-तिकडं बघितलं की मन विखुरतं, म्हणून. दुसरा एक नियम ‘खल्वत दर अंजुमन’, म्हणजे गर्दीत असूनही एकांत. हे लोक जंगलात पळून गेले नाहीत. भर बाजारात, लष्कराच्या तळावर राहिले, आणि डोळा आपल्या पावलावर ठेवायला शिकले. माझं पाऊल कुठं पडतंय ते मी बघायचं. दुसऱ्याचं पाऊल कुठं पडतंय ते बघायला मला वेळच कुठं आहे?

हे सगळं सांगितलं म्हणून आपला इतिहास धुतल्या तांदळासारखा आहे असं म्हणत नाही. दुसरी बाजूही आहे. पुढच्या काळात बरेच उलेमा बाईलाच फितना, म्हणजे मोहाचं मूळ, समजून लिहीत गेले. डोळे आवरायचं ओझं हळूहळू बघणाऱ्याच्या खांद्यावरून दिसणारीच्या खांद्यावर सरकलं. घराच्या भिंती उंच झाल्या, खिडक्या बुजल्या. बघणाऱ्याला आवरण्यापेक्षा दिसणारीला हटवणं सोपं पडतं ना. साधना अवघड, पहारा सोपा. साधनेत स्वतःशी भांडावं लागतं, पहाऱ्यात फक्त दुसऱ्याशी.

आणखी एक सांगितलं जाईल, ‘दुसऱ्या समाजातली पोरंही हेच करतात, त्यांच्याबद्दल लिहा की.’ करतात, खरं आहे, आणि तेही तितकंच वाईट आहे. त्यांच्यातले काही जण त्यावर लिहितातही. मी माझ्या घरातला केर काढतोय.

शेवटी काय झालं ते सांगतो. मी ग्रुपवर लिहिलं, हा व्हिडिओ काढा, सूरह नूर सुरुवातीपासून वाचा. एकानं विचारलं, ‘चाचा, आप किस के साइड से हो?’ दोघांनी अंगठा दिला. रात्री ॲडमिननं व्हिडिओ काढला. पण तोवर तो कुठं कुठं गेला असेल, कोण जाणे. ती मुलगी कोण होती, तो मुलगा तिचा भाऊ होता, मित्र होता, की वर्गातला कुणी सोडायला आला होता, मला माहीत नाही. ते माहीत असण्याचा मला हक्कही नाही. चार साक्षीदारांची अट असते ती नेमकी यासाठीच. मुलीला असं रस्त्यात अडवणं देशाच्या कायद्यानंही गुन्हा आहे, हेही पोरांना कुणीतरी सांगायला हवं.

तुमच्याकडे दोन मागण्या. असा व्हिडिओ आला तर उघडू नका, पुढं पाठवू नका, पाठवणाऱ्याला बोला. ‘पूर्ण बघून मग ठरवतो’ हेही नको, मी तेच केलं आणि चुकलो. आणि जे जुम्म्याला बयान करतात, मदरशात शिकवतात, त्यांना हात जोडून विनंती: पुढच्या वेळी नजरेवर बोलाल तेव्हा आयत ३१ पासून सुरू करू नका. ३० पासून करा. जमलं तर त्याच्याही आधी, त्या हरवलेल्या हारापासून करा.

दादांचं दुकान आता नाही. शाळा आहे, घंटा अजून होते. परवा तिथून जात होतो, पोरी बाहेर पडत होत्या. समोरच्या टपरीवर पाच-सहा पोरं फोन हातात घेऊन उभी होती. त्यातल्या एकानं, घंटा होताच, फोन खिशात घातला आणि पाठ फिरवून चहा घेत राहिला. त्याला कुणी शिकवलं माहीत नाही. ज्यानं शिकवलं, त्याचं भलं होवो.